कुळागरातला ड्रॅगन

ड्रॅगन म्हटलं की आग ओकणारं अजस्र जनावर डोळ्यांपुढे येतं. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली 'द्राको', म्हणजे ड्रॅगन, हे नाव दिलं ते मात्र शेपटीसकट वीतभर भरणाऱ्या उडत्या सरड्याला. आज या गटात चाळीसेक जाती मोजतात. बहुतेक आग्नेय आशियातल्या. सर्वांत पश्चिमेला राहणारी 'द्राको दुसुमिएरी' ही सह्याद्रीतली, गोव्यातलीही.

त्याला हवीत उंच, जवळजवळ उभी खोडं. पेडण्याच्या उघड्या सड्यावर त्याला शोधण्यात अर्थ नाही. डिचोलीकडच्या जुन्या, दाट कुळागरात पोफळी, माड, फणस खांद्याला खांदा लावून उभे असतात, तसली जागा त्याच्या सोयीची.

सगळं आयुष्य झाडावर काढणारा हा प्राणी मातीत उतरतो तो मुख्यतः अंड्यांसाठी, आणि तीही फक्त मादी. ती तोंडाने भुसभुशीत मातीत खड्डा उकरते, चारेक अंडी घालते, माती-पाचोळ्याने झाकते आणि वर निघून जाते. अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं ठिसूळ नसतं. ते चिवट असतं आणि मातीतला ओलावा शोषतं. जमीन कडक वाळली की अंडी सुकणार, पाणी साचलं की गुदमरणार. पाचोळा नि सावली असलेलं कुळागर म्हणूनच बरं पडतं. आळी करताना अशी अंडी वर आलीच, तर न फिरवता होती तशी पुन्हा झाकावीत.

काही आठवड्यांनी पिल्लू बाहेर येतं आणि खोड गाठतं. पंख त्याला जन्मतःच असतात. पंख म्हणायचं एवढंच. पाच-सहा लांब बरगड्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या आणि त्यांवर कातडीचा पडदा. एरवी तो अंगालगत मिटलेला असतो. मुंग्या नि वाळवी खात पिल्लू वाढतं, आणि इथे गणित आडवं येतं. अंगाची लांबी दुप्पट झाली की पडद्याचं क्षेत्र चौपट होतं, वजन मात्र आठपट. त्यामुळे मोठ्या सरड्याला आधी खाली सूर मारून वेग घ्यावा लागतो, मग तो आडवा तरंगतो आणि शेवटी डोकं वर करून पुढचं खोड पकडतो. वीस-तीस मीटरचं अंतर तो सहज कापतो, पण दर वेळी उंची गमावतो. म्हणून उतरला की लगेच चढायला लागतो.

दिशा कशी सांभाळतो, हे २०१७ साली याच जातीच्या निरीक्षणातून पुढे आलं: झेपावल्यावर तो पुढच्या पायांनी पडद्याची पुढची कड धरतो आणि तिच्यावर ताबा ठेवतो. इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष बरगड्यांकडे होतं, हातांकडे नव्हतं!

वयात आलेल्या नराच्या गळ्याखाली लिंबासारखी पिवळी झालर असते. मादी खुणावायला आणि दुसऱ्या नराला बजावायला तो ती फडकावतो, कधी पडदेही उघडतो. मादीची झालर लहान, निळसर करडी.

बघायचा असेल तर आकाशाकडे पाहू नका. उन्हं वर आल्यावर एखाद्या पोफळीच्या खोडावर नजर ठेवून उभं राहा. सालीच्याच रंगाचा सरडा दिसणार नाही. मधूनच चमकून जाणारा पिवळा ठिपका दिसेल.