पृथ्वीबाहेर सजीव आहेत का?

रात्री निरभ्र आकाशाकडे पाहिले, की असंख्य तारे दिसतात. आपला सूर्य हाही एक ताराच आहे. सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसे इतर ताऱ्यांभोवतीही फिरतात. असे सहा हजारांहून अधिक ग्रह शास्त्रज्ञांनी आतापर्यंत शोधून काढले आहेत. मग सहज प्रश्न पडतो, की एवढ्या अफाट विश्वात सजीव फक्त पृथ्वीवरच असतील का?

या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. पण 'सापडले, सापडले' असे वाटावे, असे काही शोध मात्र लागले आहेत. त्यांपैकी कोणता शोध अधिक भरवशाचा? न्यायालयात साक्षीपुरावा तपासतात, तसेच हे शोध तपासावे लागतात. त्यासाठी आपण तीन प्रश्न विचारू. पुरावा पुन्हा तपासता येतो का? त्यात पृथ्वीवरच्या सजीवांची भेसळ झालेली नाही ना? आणि सजीव नसतानाही तसे घडू शकते का?

पहिला पुरावा आहे एका संदेशाचा. अमेरिकेतील ओहायो राज्यात 'बिग इअर' म्हणजे 'मोठा कान' नावाची रेडिओ दुर्बीण होती. १५ ऑगस्ट १९७७ रोजी तिने आकाशातून आलेल्या अतिशय प्रबळ रेडिओ लहरी टिपल्या. काही दिवसांनी जेरी एहमन हे शास्त्रज्ञ कागदावर छापलेले आकडे तपासत होते. ती नोंद पाहताच त्यांनी कडेला लाल शाईने 'वॉव!' म्हणजे 'अबब!' असे लिहिले. तेच त्या संदेशाचे नाव पडले. ही दुर्बीण जागच्या जागी स्थिर असे. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाशातील एखादी जागा तिच्यासमोर ७२ सेकंदच राही. ही नोंदही तेवढ्याच वेळाची होती. म्हणून लहरी आकाशातूनच आल्या असाव्यात, असे मानले जाते. पुढे अनेकांनी त्याच दिशेला दुर्बिणी लावल्या, पण तो संदेश पुन्हा कधीही ऐकू आला नाही. साक्षीदार एकदाच बोलला आणि कायमचा गप्प झाला. हा पुरावा पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

दुसरा पुरावा हातात धरता येईल असा आहे. १९८४ साली अंटार्क्टिकाच्या बर्फात सुमारे दोन किलो वजनाचा एक दगड सापडला. तो मंगळावरून आलेला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी मंगळावर एक मोठा आघात झाला. त्यामुळे हा दगड अवकाशात उडाला आणि सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर पडला. सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्यात अळीसारखे बारीक आकार दिसले. ७ ऑगस्ट १९९६ रोजी 'नासा' या अमेरिकेच्या अवकाश संस्थेतील शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की या मंगळावरील प्राचीन जीवाणूंच्या खुणा असू शकतात. जगभर खळबळ उडाली. पुढे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की असे आकार आणि त्या दगडातील कार्बनयुक्त पदार्थ सजीवांवाचूनही तयार होऊ शकतात. शिवाय दगड हजारो वर्षे पृथ्वीवर पडून होता. दुधाने तोंड पोळले, की माणूस ताकही फुंकून पितो. या प्रकरणानंतर शास्त्रज्ञही अधिक सावध झाले.

तिसरा प्रयत्न आपल्या देशातला आहे. प्रसिद्ध शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २००५ साली हैदराबादहून एक मोठा फुगा आकाशात सोडण्यात आला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा करण्यात आली. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी ती स्वतंत्रपणे तपासली. त्या हवेत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. २००९ साली हा शोध जाहीर झाला. भेसळ टाळण्याची पुरेपूर काळजी घेतलेली होती. तरीही हे जीवाणू अवकाशातूनच आले, असे सिद्ध झालेले नाही, हे संशोधकांनी स्पष्टपणे सांगितले. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा तो हाच.

आता शनीकडे जाऊ. शनीला एन्सेलाडस नावाचा एक लहान चंद्र आहे. त्याचा व्यास सुमारे ५०० किलोमीटर आहे. तो बर्फाने झाकलेला आहे. २००५ साली कॅसिनी या यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळून पाण्याची वाफ व बर्फाचे कण कारंज्यांसारखे उसळताना दिसले. बर्फाखाली खारट पाण्याचा महासागर आहे, हे पुढे कळले. यान त्या कारंज्यांतूनच उडत गेले. त्याने मिळवलेल्या माहितीवरून तेथे कार्बनयुक्त पदार्थ, हायड्रोजन वायू आणि फॉस्फरस असल्याचे समजले. पृथ्वीवरच्या खोल समुद्रात, जेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही, तेथे काही सूक्ष्मजीव हायड्रोजनवर जगतात. म्हणजे एन्सेलाडसवर घर आहे, पाणी आहे, शिधाही आहे. पण घरात कोणी राहते का, हे ठाऊक नाही.

शेवटचा पुरावा सर्वांत ताजा आहे. मंगळावरील जेझेरो विवरात पूर्वी तलाव होता. तेथे पर्सिव्हिअरन्स ही फिरती गाडी २०२१ साली उतरली. जुलै २०२४ मध्ये तिला एका प्राचीन नदीच्या पात्रात एक तांबूस खडक सापडला. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके आहेत. त्या ठिपक्यांत लोहाची दोन खनिजे असावीत, असे तपासणीत दिसले. पृथ्वीवर अशी खनिजे पुष्कळदा चिखलातील सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. उष्णतेमुळेही अशी खनिजे बनू शकतात. पण हा खडक फारसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. खडकाचा नमुना बंद नळीत ठेवलेला आहे. तो मात्र अजून मंगळावरच आहे.

आता पाचही पुरावे शेजारी ठेवून पाहा. संदेश पुन्हा आला नाही. दगड आणि हवेचे नमुने हाती आले, पण ते मूळचे कोठले व कशाचे, यावर वाद राहिला. एन्सेलाडसने जागा दाखवली, रहिवासी दाखवला नाही. मंगळावरचा ठिपक्यांचा खडक आज सर्वांत आशादायक वाटतो. कारण तो आपल्या मूळ जागी सापडला, भेसळीचा धोका कमी आहे आणि नमुना जपून ठेवलेला आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. पण हे काकण अजून हातात आलेले नाही. नमुना पृथ्वीवर आणून तपासल्याखेरीज शेवटचा निकाल देता येणार नाही.

या शोधाला एवढे महत्त्व का? एका सूर्याभोवती दोन ठिकाणी जीवन स्वतंत्रपणे निर्माण झाले असेल, तर विश्वात ते ठिकठिकाणी असण्याची शक्यता फार वाढते. आणि कोठेच काही सापडले नाही, तर? मग आपल्या अंगणातले गवताचे पातेही किती दुर्मीळ आहे, हे आपल्याला उमजेल. उत्तर कोणतेही येवो, ते पुराव्याने सिद्ध होईपर्यंत धीर धरणे, हेच विज्ञान आपल्याला शिकवते.