सगळा जोर देठाचा

इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांच्या भोपळ्याचा फोटो बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. वजन १,२७८.८ किलो. ४ ऑक्टोबर २०२५ ला इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या वॉरग्रेव्ह नर्सरीत तो काट्यावर चढला आणि अमेरिकेतल्या ट्रॅव्हिस गिंगर यांचा २०२३ चा १,२४६.९ किलोंचा विश्वविक्रम मोडला. फोटोखाली प्रश्न बहुधा एकच असतो: ‘याला खत कुठलं घालतात?’

खत घालतात, भरपूर घालतात. पेटन बंधूंच्या हाताशी काचघर आहे, पन्नास वर्षांहून अधिक अनुभव आहे. पण खताने बाराशे किलो होत असते तर ते फार पूर्वीच झाले असते. कॅनडाच्या विल्यम वॉर्नॉक यांनी १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात १८३ किलोंचा भोपळा नेला होता. त्याला मागे टाकायला १९७६ साल उजाडलं. तोवर रासायनिक खतं जगभर पोचली होती, भोपळा मात्र तिथेच होता. मग पुढच्या पन्नास वर्षांत तो जवळपास सातपट कसा झाला?

माझ्या मते याचं सगळ्यात समाधानकारक उत्तर जेसिका सॅव्हेज या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी दिलं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत त्यांनी हे राक्षसी भोपळे पाहिले. एवढी साखर इतक्या लवकर फळात पोचते कशी, असा प्रश्न त्यांना पडला. पानात तयार झालेली साखर फळापर्यंत नेणाऱ्या नलिकांच्या जाळ्याला फ्लोएम म्हणतात, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राक्षसी वाण आणि त्यांचे साधे भाऊबंद शेजारी शेजारी तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष मला अजूनही थक्क करतो. मोठ्या वाणाची पानं काही जास्त कामसू नव्हती. रसही जास्त गोड नव्हता. फरक होता तो वाहिन्यांमध्ये: मोठ्या वाणात फ्लोएमच जास्त होतं, देठातसुद्धा. बागायतदार दर वर्षी सगळ्यात मोठ्या फळाचं बी धरत गेले आणि नकळत त्यांनी रुंद नळाची निवड केली. दिवसाला वीस किलोंहून अधिक वाढणारं फळ त्या नळावर पोसलं जातं.

म्हणूनच मुरलेला बागायतदार फळाइतकाच देठाला जपतो. फळ फुगायला लागलं की त्याचे खांदे वेलाला वर रेटतात. वेलाने तिथे जमिनीत मुळं धरलेली असतील तर तो उचलला जात नाही आणि ताण सगळा देठावर येतो. एका रात्रीत देठ उकलतो, हंगाम संपतो. ते टाळण्यासाठी फळ लिंबाएवढं असतानाच वेल रोज थोडा थोडा बाजूला वळवत नेतात, फळाजवळची मुळं कापून वेल मोकळा ठेवतात. बाकीच्या फांद्यांचे पेर मात्र मुद्दाम मातीत पुरतात, म्हणजे जागोजागी मुळं फुटतात. वेलावर फळ एकच. बाकी सगळी खुडून टाकतात. फळाखाली वाळूसारखं सरकणारं काहीतरी आणि वर सावलीला चादर, कारण उन्हाने साल निबर झाली की फळ तडकतं. आतल्या पोकळीपर्यंत भेग गेलेलं फळ स्पर्धेतून बाद होतं, वजन कितीही भरो.

आणि बी? नोव्हा स्कोशियातल्या विंडसरचे हॉवर्ड डिल यांनी ‘अटलांटिक जायंट’ हे वाण घडवलं. हे शेतकरी गृहस्थ १९७९ पासून सलग चार वर्षं अजिंक्य राहिले. आजचे विक्रमी भोपळे त्याच वंशातले. त्यांच्या बियांना नावं असतात: फळाचं वजन, मग पिकवणाऱ्याचं आडनाव, मग साल. आई कोण, बाप कोण, हेही नोंदलेलं. आणि ज्यांच्याशी पुढच्या वर्षी काट्यावर गाठ पडणार, त्यांनाच हे बागायतदार पाकिटातून बी पाठवतात. विक्रमी फळांच्या बियांचे लिलाव होतात, हे खरं, पण या छंदाची मदार देवघेवीवरच आहे. विद्यापीठाच्या मदतीशिवाय परसातल्या माणसांनी एका फळाचा वंश असा बदलून टाकावा, याचं मला मोल वाटतं.

तो बदल घडतो पहाटे. पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो ते मादी फूल. आदल्या संध्याकाळी कळीचं टोक पिवळसर झालं की ती उद्या उमलणार. तिचं तोंड दोऱ्याने हलकेच बांधायचं. हव्या त्या वेलावरची नर कळीही तशीच बांधायची, म्हणजे मधमाशी मध्ये येत नाही. उजाडताच नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, पिवळी भुकटी मादीच्या मध्यावर फिरवायची आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. ऊन चढायच्या आत हे उरकावं लागतं, दुपारपर्यंत फूल मिटलेलं असतं. मग चिठ्ठी लावायची.

हे वाचून कुणी ऑनलाइन ‘अटलांटिक जायंट’ मागवणार असेल, तर माझा सल्ला आहे, नको. त्याला लांबलचक दिवस आणि थंड रात्री लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीही उकडतं. दिवसा कमावलेली साखर वेल रात्री श्वसनात खर्चून टाकतो. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की कोवळी फळं पिवळी पडून गळतात. पावसाळ्यात फळमाशी आणि भुरी आहेतच. शिवाय हे फळ पाणचट. घारग्यांना उपयोगाचं नाही.

आपलं डांगर बहुतेक वेळा वेगळ्या जातीचं असतं. ओळख पुन्हा देठातच. राक्षसी भोपळ्याचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ. आपल्या डांगराचा कडक, पाच कंगोऱ्यांचा, फळाला टेकतो तिथे पसरट. उष्णतेला ते सरावलेलं आहे, चवीला उत्तम आहे. त्याच्यावर कुणी अशी पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवून निवड केली तर काय होईल, हे पाहायला मला आवडेल. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपून पद्मश्रीपर्यंत मजल मारली. बी धरण्याची विद्या आपल्याकडे आहेच. कमी आहे ती वही, आणि दोऱ्याने बांधलेलं फूल. बागेत शेजारी दुसरा भोपळा असला की मधमाशी कुठला पराग आणते ते कळत नाही आणि चांगल्या फळाचं बी पुढच्या वर्षी भलतंच निघतं.

तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत परसात उन्हाळी लागण करणार असाल तर आळ्यात दोन पाट्या कुजलेलं शेणखत घाला, वेलाला पसरायला जागा द्या आणि एका वेलावर एकच फळ ठेवा. ते फळ हाताने परागीकरण केलेलं असू द्या. पिकल्यावर वजन करा, बी धुऊन सावलीत वाळवा आणि पाकिटावर वजन, साल, गाव आणि दोन्ही वेलांची नावं लिहा. अर्धं बी शेजाऱ्याला द्या, पाकिटासकट.