नाताळच्या केकपलीकडचं बुकशेल्फ

ख्रिस्ती कलीगनं आणलेला प्लम केक दरवर्षी खाल्ला. आता थोडं वाचूया? मोठ्यांसाठी, छोट्यांसाठी आणि दोन धर्म एकत्र नांदणाऱ्या घरांसाठी काही खास पुस्तकं...

एक छोटीशी टेस्ट. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणाऱ्या ख्रिस्ती कलीगबद्दल तुम्हाला काय काय माहितीये? पंचवीस डिसेंबरला तो सुट्टीवर असतो. सव्वीसला येताना केक आणतो. गुड फ्रायडेला त्याला 'हॅपी' म्हणायचं की नाही, यावरून सगळ्या टीमचा दरवर्षी गोंधळ उडतो. बस्स! लंचचा डबा रोज शेअर होतो, पण तो काय वाचत मोठा झाला याचा आपल्याला पत्ताच नसतो.

कलीगच्या बाबतीत हे चालून जातं. घरात नाही चालत. माझी एक मैत्रीण आहे. माहेर पुण्यातल्या पेठेतलं, सासर वसईचं. लग्न रजिस्टर पद्धतीनं, दोघांनी आपापला धर्म ठेवलेला. आता घरात बाळ येणार आहे. परवा कॉफी पिता पिता ती म्हणाली, "अगं, गणपतीच्या गोष्टी मला पाठ आहेत, त्या मी सांगेनच. येशूच्या कुठून आणू? आणि पुस्तकं अशी सांग, की वाचताना मला कुणी ओढतंय असं वाटायला नको. सासूबाईंनाही वाटायला नको, की ही आपली जनरल नॉलेज म्हणून वाचतेय."

प्रश्न सोपा नाही. ख्रिस्ती पुस्तकं म्हटलं की बहुतेकांना स्टेशनबाहेर हातात पडणारी पातळ चोपडी आठवते. म्हणून यादी करताना मी एकच चाळणी लावली. या पुस्तकात कुणीतरी आपल्या श्रद्धेची किंमत मोजलीये का? ज्यात सगळं सोप्पं असतं आणि शेवटच्या पानावर सगळ्यांचं भलं होतं, ती जाहिरात. ज्यात कुणीतरी घर, माणसं, झोप गमावून बसतं आणि तरीही प्रश्न विचारत राहतं, ती गोष्ट. अशी गोष्ट वाचायला कुठल्याही धर्माचं असावं लागत नाही.

सुरुवात आपल्याच घरातून

मोठ्यांसाठी पहिला नंबर 'स्मृतिचित्रे'चा. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा गमतीदार धडा आपण वाचलेला असतो आणि 'मजेशीर पुस्तक' असं लेबल लावून मोकळे झालेलो असतो. मजेशीर ते आहेच. सोवळ्या-ओवळ्याचं टोकाचं वेड असलेले वडील, खिशात पैसा न टिकणारा कवी नवरा आणि या सगळ्याकडे मिश्कीलपणे बघणारी, जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेली बायको.

पण मध्यावर पुस्तक वेगळंच वळण घेतं. १८९५ मध्ये मुंबईत नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. बायकोच्या दृष्टीनं तिचं जगच कोसळलं. पुढची पाचेक वर्षं हा संसार मोडलेल्या अवस्थेत होता. तिला नवरा हवा होता, त्याचा धर्म नको होता. नातेवाईक एका बाजूला, लहान मुलगा पदरात. मग ती हळूहळू, स्वतःच्या डोक्यानं, जात ही माणसानंच केलेली गोष्ट आहे अशा निष्कर्षाला येते आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेते. नवऱ्यानं ओढलं म्हणून ती गेलेली नाही, हे प्रत्येक पानावर दिसतं. आंतरधर्मीय लग्नाचा विचार करणाऱ्या प्रत्येक जोडप्यानं हे पुस्तक वाचावं, असं माझं स्पष्ट मत आहे. संक्षिप्त आवृत्ती मिळते, पण घ्याल तर संपूर्णच घ्या. मराठी वाचायचा कंटाळा असेल, तर शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये आलाय.

आवडलं तर पुढे 'ख्रिस्तायन' आहे. येशूचं चरित्र ओवीत सांगायला टिळकांनी सुरुवात केली आणि दहा-अकरा अध्याय झाल्यावर १९१९ मध्ये ते गेले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी! नवऱ्याच्या धर्मांतरानं जिचं घर मोडलं होतं, तिनंच त्याचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण केलं. सलग वाचायला जड आहे. रोज थोडं, मोठ्यानं वाचायचं.

गोव्यातला इंग्रज आणि बेळगावचे बाबा

आता थोडं मागे जाऊ. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी ऐकायला काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी त्यानं 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही अस्सल मराठी पुराणाच्या थाटात. स्वर्गाला तो चक्क वैकुंठ म्हणतो. मराठीचं त्यानं केलेलं कौतुक तर आपण भाषणांत कितीतरी वेळा ऐकलेलं असतं.

मूळ छापील प्रत आज एकही उरलेली नाही. गोव्यातून कर्नाटक किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवलेल्या पोथ्या जपल्या आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. गाव सुटलं, पण पुस्तक बरोबर नेलं! जुनी भाषा झेपणार नसेल, तर फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठी गद्यात केलेलं रूपांतर हाताशी ठेवा.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' हे १८५७ चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आधीच सांगते, यात उपदेश भरपूर आहे आणि काही पानं तुम्ही उलटून पुढे जाल. पण नवऱ्याबरोबर प्रवासाला निघालेली यमुना वाटेत ज्या विधवांना भेटते, त्यांच्या कहाण्या अंगावर येतात. मूळचे बेळगावचे बाबा १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते. त्यांचा राग विधवांना माणूस न मानणाऱ्या रूढींवर होता आणि तो राग आजही पानातून पोचतो.

बायबल, पण कुठलं?

"थेट बायबलच का नको?" हा प्रश्न येणारच. जरूर वाचा, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायला घेऊ नका. वंशावळी आणि नियमांच्या जंगलात वीकएंड संपेल. आधी चार शुभवर्तमानांपैकी मार्कचं घ्या. सगळ्यात छोटं तेच, एका संध्याकाळी होतं. मग लूकचं, कारण उधळ्या मुलाची आणि दयाळू शोमरोन्याची गोष्ट तिथे आहे.

मराठीत यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घ्या. नाव सार्थ आहे, कुठेही अडखळायला होत नाही. दिब्रिटो म्हणजे वसईतल्या 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक आणि 'हरित वसई' चळवळीतलं ठळक नाव. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू कसा काय अध्यक्ष, म्हणून विरोधही झाला. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांचं 'नाही मी एकला' हे आत्मकथनही वाचनीय आहे. वसईच्या घरांमध्ये ही पुस्तकं बहुधा कपाटात असतातच. सुनेनं नुसती मागायची!

आणखी एक मराठी बायबल आहे, ज्याची गोष्टच एका कादंबरीएवढी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन चालवता चालवता हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं. कमी शिकलेल्या बायकांनाही समजेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल एकटीनं उतरवलं. केडगावच्या छापखान्यात काम करणाऱ्याही तिथल्याच बायका. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. १९२२ मध्ये काम हातावेगळं करून रमाबाई गेल्या. पुस्तक छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

छोट्यांसाठी

मुलांच्या पुस्तकांसाठी माझा नियम कडक आहे. नरकाची भीती घालणारं पुस्तक शेल्फवर परत ठेवायचं. मुलांना घाबरवून झोपवता येतं, चांगलं नाही बनवता येत.

अगदी छोट्यांसाठी ऑस्कर वाइल्डची 'द सेल्फिश जायंट' ही १८८८ ची गोष्ट. बागेभोवती भिंत बांधणारा स्वार्थी राक्षस, आणि मुलं गेल्यावर बागेत मुक्काम ठोकणारा हिवाळा. येशूचं नाव एकदाही येत नाही, पण शेवटी तो येतो. वाचून दाखवताना तुमचाच आवाज बदलेल, तयारीत राहा.

येशूची सरळ ओळख करून द्यायची असेल तर दोन पर्याय. सॅली लॉइड-जोन्सचं 'द जीझस स्टोरीबुक बायबल' (२००७) चित्रांसाठीही घ्यावं. फक्त त्यातली प्रत्येक जुनी गोष्ट येशूकडेच जाऊन पोचते, हे लक्षात असू द्या. घरात दोन धर्म असतील, तर 'अमर चित्र कथा'मधला येशूवरचा अंक जास्त सोयीचा. शेजारी कृष्ण आणि बुद्धही ठेवता येतात.

आठ वर्षांच्या पुढे सी. एस. लुईसचं नार्निया. १९५० ते १९५६ या काळात सात पुस्तकं आली. सुरुवात 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'पासूनच करा. २००५ चा सिनेमा पाहिला असेल, तरी पुस्तक वेगळं. मिठाईच्या मोहात एडमंड स्वतःच्या भावंडांना फसवतो आणि त्याच्या चुकीची किंमत अस्लान हा सिंह मोजतो. ख्रिस्ती मुलाला ती येशूची गोष्ट वाटेल, बाकीच्यांना सिंहाची. दोघंही शेवटपर्यंत वाचतील.

बारा वर्षांपुढे कोरी टेन बूमचं 'द हायडिंग प्लेस' (१९७१). हॉलंडमधल्या हार्लेम गावातलं घड्याळजीचं कुटुंब नाझींपासून लपवण्यासाठी ज्यूंना घरात आसरा देतं. बेडरूममध्ये खोटी भिंत, मागे चिंचोळी जागा. १९४४ मध्ये धाड पडते. लपलेले सहाही जण सापडत नाहीत, पण कुटुंब पकडलं जातं. वडील कैदेत जातात, बहीण बेट्सी छळछावणीत. युद्धानंतर त्याच छावणीतला एक पहारेकरी कोरीपुढे क्षमा मागायला हात पुढे करतो. तो हात हातात घेणं तिला किती जड गेलं, हे ती लपवत नाही. 'क्षमा करावी' हे मुलांना शंभरदा सांगण्यापेक्षा हे एक प्रकरण वाचू द्या.

रात्री उशिरा वाचायची दोन

नार्नियावाल्या लुईसनंच 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' लिहिलं. बायको जॉय १९६० मध्ये कॅन्सरनं गेली. आयुष्यभर लोकांना श्रद्धा समजावून सांगणारा हा माणूस देवावरच भडकला, आणि ते त्यानं वहीत लिहून काढलं. १९६१ मध्ये ते पुस्तक आलं तेही टोपणनावानं. जवळचं माणूस गेलेल्या मित्राला 'स्ट्राँग राहा' असा मेसेज पाठवण्याऐवजी हे द्या. लगेच नको, दोन-तीन महिन्यांनी.

दुसरं जपानी लेखक शुसाकु एन्डो यांचं 'सायलेन्स' (१९६६). मार्टिन स्कोर्सेसीनं २०१६ मध्ये यावर सिनेमा केला. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आहे. एक पोर्तुगीज धर्मगुरू आपल्या गोव्यावरून तिकडे जातो. तिथले अधिकारी त्याला म्हणतात, येशूच्या प्रतिमेवर पाय ठेव, नाहीतर हे गरीब गावकरी हाल होऊन मरतील. त्यानं काय करावं? पुस्तक संपवून दिवा बंद केला तरी प्रश्न चालूच राहतो.

कुणाला काय द्याल?

बारशाला किंवा बाप्तिस्म्याला: 'द सेल्फिश जायंट', जाड पुठ्ठ्याची सचित्र आवृत्ती.
आठ-दहा वर्षांच्या भाच्याला: नार्नियाचं पहिलं पुस्तक. आवडलं तरच पुढचे सहा.
लग्न ठरलेल्या जोडप्याला: 'स्मृतिचित्रे'. दोन प्रती नकोत, एकच. आलटून पालटून वाचू देत.
ख्रिस्ती सासूबाईंना: काही देऊ नका. त्यांच्या आवडीचं पुस्तक त्यांच्याकडूनच मागून आणा आणि वाचून झाल्यावर त्याबद्दल बोला.
सिक्रेट सँटाला: बजेट कमी असतं, म्हणून मार्कच्या शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका सुचेल. ती मात्र नको. मागितल्याशिवाय दिलेलं धर्माचं पुस्तक ड्रॉवरमध्येच जातं.

आणि केक आणणाऱ्या कलीगला? त्याला काहीच द्यायचं नाही. या डिसेंबरला केक खाताना एवढंच विचारा, "लहानपणी तुला घरी कुठली गोष्ट सांगायचे रे?" लंच ब्रेक अर्धा तास लांबेल. बॉसला मी समजावेन!