श्रीमंतांची वस्ती आणि नकाशाची साक्ष

गिरणगावातील चाळींविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने मलबार टेकडीवरील बंगल्यांविषयी अभ्यासपूर्वक फारच थोडे. गरिबांचे घर मोजण्यास सरकार आणि समाजशास्त्रज्ञ सदैव तत्पर असतात. बी.डी.डी. चाळीतील खोली 160 चौरस फुटांची, हे आता सर्वश्रुत आहे. श्रीमंतांचे फाटक मात्र अभ्यासकासाठी सहसा उघडत नाही. त्यांच्या घराण्यांचे जे वृत्तान्त प्रसिद्ध होतात, ते बहुधा गौरवाचेच असतात. अशा वेळी कामास येतो तो मोजणीदाराचा जुना नकाशा. त्याला धन्याची भीड नसते.

चार्ल्स बूथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा जो नकाशा सिद्ध केला, तो दारिद्र्याचा म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यातील सात रंगांपैकी पिवळा रंग धनिकांचा होता, ही गोष्ट विसरली जाते. काळ्या रंगाची गल्ली पिवळ्या रस्त्यापासून किती पावलांवर आहे, हे त्यात एका दृष्टिक्षेपात दिसते.

मुंबईपाशीही असे साहित्य आहे. कॅप्टन डिकिन्सन यांच्या देखरेखीखालील मोजणी 1827 साली पुरी झाली, आणि कर्नल लॉटन यांनी 1865 ते 1872 या काळात शहराची नव्याने, अतिशय तपशीलवार मोजणी केली. हे दोन नकाशे आणि नंतरचे काही नकाशे क्रमाने मांडले, की पहिला धक्का बसतो तो असा, की श्रीमंतांची वस्ती ही स्थिर गोष्ट नव्हेच. आज मलबार टेकडी हा ऐश्वर्याचा पर्याय शब्द झाला आहे. परंतु एके काळी तो मान परळ, माझगाव आणि भायखळा यांचा होता. कापसाच्या तेजीत अमाप पैसा मिळविणारे प्रेमचंद रायचंद राहत ते भायखळ्यास. गव्हर्नरचे निवासस्थान परळला होते. 1882 साली तेथे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले, आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. परळच्या त्याच वास्तूत 1899 साली हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा आली. भोवती गिरण्यांच्या चिमण्या वाढतच होत्या. धनिकांनी आपल्याच भांडवलाच्या धुरापासून वाऱ्याच्या दिशेला पळ काढला, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये.

टेकडी मात्र रिकामी नव्हती. वाळकेश्वर आणि बाणगंगेचे क्षेत्र बंगल्यांपेक्षा कितीतरी जुने. पारशांचे दख्मेही सतराव्या शतकापासून तेथे आहेत. शिवाय बंगल्याच्या मुख्य आकृतीमागे ज्या लहान चौकटी दिसतात, त्यांकडे लक्ष द्यावे. स्वयंपाकी, मोतद्दार, माळी यांच्या राहण्याची सोय बहुधा अशाच जागी असे. टेकडीवर केवळ श्रीमंत राहत, हा समज या चौकटी खोटा पाडतात.

अर्थात नकाशा एकटा बोलत नाही. घर कोणाचे, भाडे किती, विक्री केव्हा झाली, हे त्यावर लिहिलेले नसते. त्यासाठी कराच्या नोंदवह्या आणि जुन्या डिरेक्टऱ्या चाळाव्या लागतात. नावांचा घोळ वेगळाच. जुना रिज रोड म्हणजे बाळ गंगाधर खेर मार्ग आणि पेडर रोड म्हणजे गोपाळराव देशमुख मार्ग, अशी यादी जवळ नसेल तर विद्यार्थी पहिल्याच दिवशी रस्ता चुकतो.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. डॉ. होमी भाभा यांचा ‘मेहरांगीर’ बंगला 2014 साली 372 कोटी रुपयांना लिलावात गेला आणि 2016 मध्ये पाडला गेला. त्या मापाचे घर नाहीसे झाले तरी वर्तमानपत्रात बातमी येते. शेजारची लहान घरे गुपचूप जातात. तिकडे परळला, 1982 च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर उंच मनोरे उभे राहिले आहेत, आणि ज्या भागातून धनिक एकदा निघून गेले, तेथे ते पुन्हा राहावयास येऊ लागले आहेत. लॉटन यांचा परळचा नकाशा आजच्या विकास आराखड्याशेजारी मांडून पाहण्यास एखाद्या महाविद्यालयातील इतिहासाच्या वर्गाला एक सत्र पुरेल.