सागवानाचा गाभा

घर बांधावयास निघालेल्या मनुष्यास शेजारी, सोयरे आणि दुकानदार हे तिघेही एकच सल्ला देतात : दारे-खिडक्या सागवानी करा. सल्ला खोटा नाही, परंतु अपुरा आहे. सागवान हे झाडाचे नाव आहे. त्या झाडाच्या कोणत्या भागाचे, किती वयाचे आणि कसे वाळवलेले लाकूड आपण घेतो, यावर ते दार नातवंडांपर्यंत टिकणार की दहा वर्षांत भुसा गाळू लागणार, हे ठरते. मुकुंदवाडीसारखी एके काळची खेडी आज छत्रपती संभाजीनगर शहरात मिसळून गेली आहेत. जुनी घरे उतरवून नवी उभी राहत आहेत. अशा वेळी या लाकडाचे गुणधर्म समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सागवान हे आपल्याकडील सर्वांत जड किंवा कठीण लाकूड नव्हे. वाळलेल्या सागवानाचे वजन दर घनमीटरला सुमारे ६५० किलो भरते. बाभळीचे ८०० च्या आसपास. म्हणूनच बैलगाडीच्या चाकाला आणि नांगराला आपल्या शेतकऱ्याने बाभूळ पसंत केली. सागवानाचा मोठेपणा दोन गोष्टींत आहे. ते आपला आकार फारसा सोडत नाही, आणि वाळवीस व बुरशीस सहजासहजी वश होत नाही.

आकाराचा गुण आधी पाहू. कोणतेही लाकूड वाळताना आटते, आणि सर्व बाजूंनी सारखे आटत नाही. पूर्ण वाळेपर्यंत सागवान गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आणि वलयांच्या दिशेने पाच-सहा टक्के आटते. इतर बऱ्याच लाकडांच्या मानाने हे प्रमाण थोडे आहे; तरीही नऊ इंच रुंदीची ओली फळी अर्धा इंच अरुंद होऊ शकते. ओल्या लाकडाचे दार पावसाळ्यात घट्ट बसले तरी वैशाखात त्यातून उजेड दिसतो, त्याचे कारण हेच. जाणता सुतार दिलहेदार दार करताना दिलहा चौकटीच्या खाचेत सैल ठेवतो, सरसाने चिकटवीत नाही. हवेबरोबर लाकूड थोडे हलणारच. त्याला हलावयास जागा दिली म्हणजे ते फाटत नाही.

टिकाऊपणाचे रहस्य गाभ्यात आहे. झाड वाढते तसतसा खोडाचा आतला भाग निर्जीव होतो आणि त्यात तेलकट द्रव्ये साठतात. टेक्टोक्विनोन हे त्यांपैकी एक. ते वाळवीला मानवत नाही. बाहेरचा फिकट भाग, ज्याला रसकाष्ठ म्हणतात, त्यात हे संरक्षण नसते. किडीपुढे तो जवळजवळ आंब्याच्या फळीइतकाच असहाय असतो. पूर्वी जंगलातील झाड साठ-ऐंशी वर्षांचे झाल्यावर तोडीत. त्यात गाभा मोठा आणि रसकाष्ठ थोडे असे. आज वीस-पंचवीस वर्षांच्या लागवडीचे लाकूडही बाजारात येते. तेही खरे सागवानच, पण त्यात गाभा थोडा असतो.

पक्व गाभा किती टिकतो, याची साक्ष मावळातील कार्ले येथे मिळते. तेथील चैत्यगृहाच्या छताला सागवानी फासळ्या आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या. डोंगराच्या पोटात त्यांना ऊन-पाऊस लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या जवळच्या वेरूळला दहाव्या लेण्यात अशाच फासळ्या दगडातून कोरल्या आहेत; लोक त्या लेण्याला सुताराची झोपडी म्हणतात ते उगीच नव्हे. समुद्रावरही या लाकडाने कीर्ती मिळविली. १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे.

या गुणांची किंमत सुताराला मोजावी लागते. सागवानात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे रंध्याचे पाते व करवत लवकर बोथट होते. तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. म्हणून जोडावयाचा भाग नुकताच रंधलेला असावा, किंवा स्पिरिटने पुसून लगेच जोडावा. घासताना उडणारी बारीक धूळ कित्येकांच्या कातडीला व नाकाला बाधते. तोंडाला फडके बांधलेले बरे.

आता गिऱ्हाइकाने काय पाहावे? फळीचे टोक पाहावे. सोनेरी-तपकिरी गाभा आणि पिवळट-पांढरी कड तेथे स्पष्ट दिसते. कड जितकी कमी तितके लाकूड चांगले. नव्या कापाला कातड्यासारखा विशिष्ट वास येतो व हाताला किंचित मेणचटपणा लागतो. चौकट पॉलिश किंवा रंग लावण्यापूर्वीच तपासावी, कारण पॉलिशखाली पांढरी कडही सोन्यासारखी दिसते. माल चंद्रपूरच्या जंगलातील, की घाना वा इक्वेडोरच्या लागवडीतील, हे विचारण्यास हरकत नाही. पण गावाच्या नावापेक्षा फळीच्या टोकावर अधिक विश्वास ठेवावा.

शेवटी जुन्या घरांविषयी. माळवद उतरविताना निघणारी काळवंडलेली तुळई पुष्कळदा जळणाच्या भावाने जाते आणि त्याच घराला महागडी कोवळी चौकट बसते. तुळई सागवानी असेल तर आधी तिचे खिळे काढावेत, भिंतीत रुतलेली टोके कापून टाकावीत, कारण ओल व वाळवी तेथूनच शिरते, आणि मग एक हात रंधा मारून पाहावा. आत सोनेरी गाभा निघाला, तर अनेक उन्हाळे-पावसाळे पाहिलेले, पुरते वाळलेले लाकूड आपल्या अंगणातच पडलेले आहे. ते विकण्यापूर्वी एकदा सुताराला दाखवावे, इतकीच आमची विनंती आहे.