एक्केचाळिसाव्या वर्षी ‘डॉक्टर’?

आमच्या सोलापुरात एखादी बाई पीएच.डी. करणार असे कळले की लोक पहिला प्रश्न विचारतात तो “कशावर?” हा नव्हे, तर “कशाला?” हा! गेले वर्षभर मला तो सासूबाईंनी विचारला, शेजारणींनी विचारला आणि आमच्या कारकुनांनी तर चष्मा कपाळावर चढवून विचारला. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. वय एक्केचाळीस. मुलगी दहावीत. एम.ए. होऊन अठरा वर्षे झाली. तेव्हा प्रश्न अगदीच गैर आहे असे मीही म्हणणार नाही.

रोकडा हिशेब आधी मांडते. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. हवीच, असा नियम २०१८ साली झाला. त्याची तारीख पुढे पुढे ढकलत २०२३ च्या जुलैपर्यंत नेली आणि त्याच वर्षी ती सक्तीच उठवली; नेट किंवा सेट झालेला चालतो असे ठरले. केवळ नियमाच्या धाकाने ज्यांनी नावे नोंदवली होती त्यांचे काय झाले असेल, कल्पना करा. माझ्या ओळखीची दोन मुले तासिका तत्त्वावर शिकवतात. एकाच्या नावापुढे डॉक्टर आहे, दुसऱ्याच्या नाही. तासाचे पैसे मात्र दोघांना सारखेच!

ज्याला जे.आर.एफ. मिळाली त्याची गोष्ट निराळी. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. एवढ्यावर खोलीचे भाडे देऊन माणूस पुस्तकात डोके घालून बसू शकतो. पण हे तरुणांचे झाले. मला पगार आहे, म्हणून शिष्यवृत्ती नाही. आणि पीएच.डी. झाली तर तो पगार वाढेल काय? कारकुनांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, “बाई, दारावरची पाटी तेवढी बदलावी लागेल. तीही तुमच्या खर्चानं.”

२०२२ चे अनुदान आयोगाचे नियम मी दोन वेळा वाचले. नोकरी सांभाळून अंशकालीन पीएच.डी. करता येते, संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर, निम्मे विषयावर. नंतर मुलाखत, मग अभ्यासक्रमाची किमान बारा श्रेयांके, मग दर सत्राला सल्लागार समितीपुढे हजेरी. कमीत कमी मुदत तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. त्यावर दोन वर्षांची वाढ आणि बायकांना आणखी दोन, म्हणजे एकंदर दहा! “पन्नाशी पार!” असे म्हणून यजमान हसले. हसणे ठीक आहे, पण स्वयंपाकघरातली बाई कागद कधी हाती घेणार याचा विचार नियम करणाऱ्यांपैकी कुणीतरी केला, हे मला आवडले.

आता “कशावर?” याकडे येते.

माझ्या वर्गात एक मुलगी पहिल्या तासाला हमखास पेंगायची. चौकशी केली तेव्हा कळले की रात्री ती आईबरोबर विड्या वळते. एका रविवारी मी तिच्या घरी गेले, अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीला. इथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये रे नगरात आणखी पंधरा हजार घरे मिळाली. घर पक्के, नावावर, दोन खोल्यांचे. मुलीची आई, म्हणजे अक्का, दारातच बसली होती. मांडीवर सूप. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापावर ठेवून कातरायचे, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक आत दाबायचे, दोरा. बोलताना तिची नजर हातांकडे जात नव्हती. मी घड्याळ लावून पाहिले. मिनिटाला दोन-तीन विड्या.

अक्का म्हणाली, “घर चांगलं आहे बाई. पण पूर्व भागात होतो तेव्हा कारखाना चार पावलांवर होता. आता माल द्यायला जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो.”

मजुरी हजार विड्यांवर मिळते, दिवसावर नाही. अर्धा दिवस गेला तर त्या विड्या वळतो कोण? ती पेंगणारी मुलगी! अर्थशास्त्राच्या पुस्तकात घर मिळाले की कुटुंबाची मत्ता वाढते. बरोबरच आहे. पण त्या मत्तेचा हप्ता मुलीच्या झोपेतून जातो काय, आणि किती जातो, हे कुणी मोजलेले माझ्या पाहण्यात नाही. हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो निघायला तयार नाही.

तो घेऊन मी एका मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि विषयही हातात ठेवला: ‘सोलापूर जिल्ह्यातील विडी उद्योग : एक चिकित्सक अभ्यास’. “प्रश्न फार बारीक आहे तुमचा,” असे म्हणाले. माझे मत उलटे आहे. जिल्हाभर पसरलेल्या विषयात उमेदवार बुडतो आणि दुसऱ्यांच्या प्रबंधांतले तक्ते धरून पैलतीर गाठतो. दुसऱ्या बाईंनी अर्धा तास नुसते ऐकून घेतले. मग विचारले, “वसाहतीत न गेलेल्या बायकांशी तुलना कशी करणार?” मला उत्तर आले नाही, पण रात्रभर त्याचाच विचार केला. मार्गदर्शक असाच असावा.

पदवीवाचून काम अडते असे मात्र नाही. राजवाडे बी.ए. होते. दामोदर कोसंबींजवळ पीएच.डी. नव्हती, दुर्गाबाई भागवतांजवळही नव्हती. आमच्या सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा ग्रंथ धनंजयराव गाडगिळांनी १९६५ साली काढला. त्यांची पदवी केंब्रिजची एम.लिट्. उलट बाजूला बाबासाहेब आंबेडकर. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली छापला गेला आणि कोलंबियाची डॉक्टरेट रीतसर हाती आली १९२७ साली. एवढ्या थोरांशी बरोबरी करायची नाही. पण राजवाड्यांची चिकाटी माझ्यात नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. सहा महिन्यांनी कुणीतरी “प्रकरण कुठे आहे?” असे दरडावल्याशिवाय माझ्याकडून काही लिहून होणार नाही. नोंदणी हवी ती त्या दरडावण्यासाठी.

सासूबाईंशी शेवटचे बोलणे झाले ते शेंगा सोलताना. त्या म्हणाल्या, “माझे गुडघे आता असे. पोरीची दहावी. आणि तू कुंभारीला?”

“रविवारीच जाईन, आई. आणि दहावी होईपर्यंत प्रवेश परीक्षेचा अभ्यास फक्त. अर्ज त्यानंतर.”

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “रविवारची भाकरी त्याला शिकव.” यजमानांनी वर्तमानपत्र वर धरले, पण ऐकले होते.

तर असे ठरले आहे. अर्ज पुढच्या वर्षी, दुसऱ्या बाईंकडे, आणि विषय हाच. समितीने ‘चिकित्सक अभ्यास’ करायला लावला तर नाव काढून घेईन आणि पाहणी आपल्या खर्चाने करीन. ना-हरकत पत्राचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे. अक्काला सांगितले तेव्हा तिने एकच अट घातली: नाव छापायचे नाही, हजारी दर मात्र बरोबर छापायचा. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तिने मला दहाच्या आत बोलावले आहे. दहानंतर ती माल घेऊन निघते. मीही त्या दिवशी तिच्याबरोबर कारखान्यापर्यंत जाणार आहे, वहीत वेळ टिपत.