चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

मतलब, बांगलादेश

कोल्हापुरात आपण धरूनच चालतो की ऊस आला, दूध आलं, घरात पैसा खेळू लागला, म्हणून पोरं जगायला लागली. ते खोटं नाही. आपल्या देशाच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत सर्वांत गरीब घरांतली दर हजारी 59 मुलं पाच वर्षांच्या आत गेली, सर्वांत सधन घरांतली 20. ही सधनता पगारावरून ठरत नाही. भिंती, संडास, पंखा, फ्रीज यांवरून ठरते.

आणि इथं? पत्र्याच्या घरांचा हा देश. 1993-94 मध्ये हजारी 133 मुलं जायची, 2022 मध्ये 31. आपल्या त्या पाहणीत भारत 42 वर अडकला होता. महाराष्ट्र 28 वर होता, पण आपल्याकडचा पैसा बघा आणि इथला बघा!

जुलाबानं जाणारी पोरं वाचवायला इथं गूळ कामाला लागला. 1980 ते 1990 या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ संस्थेच्या बायका सव्वा कोटीच्या आसपास घरांत पायी गेल्या आणि आयांना शिकवत राहिल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. महिन्यानं तपासणीस येई. आईच्या लक्षात किती राहिलं, त्यावर शिकवणारीचा पगार ठरे. आपल्याकडं कुठल्या प्रशिक्षकाचा पगार असा ठरतो, सांगा.

इथल्या एका आजीनं मला ते पाणी करायला लावलं. माझी चिमूट मोठी झाली. तिनं चाखलं आणि म्हणाली, आसवांपेक्षा खारट नको. पुन्हा कर.

मला शिरोळकडची कोपी आठवली. ऊसतोड टोळीतल्या बाईचं वर्षाच्या आतलं पोर जुलाबानं मलूल पडलेलं. ‘आत जातंय तसं बाहेर येतंय,’ म्हणून तिनं पाणीच बंद केलेलं. हाकेच्या अंतरावर गुऱ्हाळ, गुळाचा वास कोपीपर्यंत. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गुळाचा खडा आणि तांब्या देणारी माणसं आपण, पण त्या बाईला कुणी दोन वाक्यं सांगितली नव्हती. मुकादमाकडून पैसे घेऊन सलाईन लावलं. पोर वाचलं, उचल वाढली.

दिवाळीच्या सुमाराला टोळ्या उतरतील, तोवर मी परत येतोय. गुऱ्हाळवाल्या मित्रांनो, एक ढेप बाजूला काढून ठेवा. आजीनं तीनदा करायला लावल्यावर माझी चिमूट आता बरोबर येते.